बाळ पेटीत, आई दाराबाहेर

वाचकांचे प्रश्न : अपुऱ्या दिवसांच्या बाळांची रुग्णालयातील काळजी

अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. यांतील बहुतेक पत्रांत बाळ आत काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) आणि आई बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर, असेच दृश्य होते. पहिले उत्तर लांबले आहे ते त्यामुळेच.

प्रश्न : माझी सून ३१व्या आठवड्यात बाळंत झाली. नातवाचे वजन १,३८० ग्रॅम भरले. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात त्याला दाखल केले आहे. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी सुनेला आत बोलावले आणि बाळाला उघड्या छातीशी बांधून दिवसरात्र बसायला सांगितले. माझे धाकटे दीर म्हणतात की पेट्या कमी असल्यामुळे गरिबाला ही सोय दाखवली जाते आणि बाळाला नांदेडच्या खासगी दवाखान्यात हलवावे. बाळंतिणीला असे ताटकळत बसवणे मलाही पटत नाही. काय करावे?
– एक आजी, हिंगोली जिल्हा

उत्तर : आजी, केवळ या कारणासाठी नातवाला हलवू नका. त्या कक्षात त्याला मिळू शकेल अशी सर्वांत उबदार आणि निर्धोक जागा त्याला मिळालेली आहे. एवढ्या लहान बाळाला गाडीतून दुसऱ्या गावी नेताना अंग गार पडण्याचा धोका मोठा असतो. तिथल्या डॉक्टरांना त्याच्यासाठी एखादी सोय अपुरी वाटली, तर ते स्वतःच चिठ्ठी देऊन आणि रुग्णवाहिका बोलावून त्याला पुढे पाठवतील.

आपल्या दीरांची शंका मात्र मी झटकून टाकणार नाही, कारण ही पद्धत टंचाईतूनच जन्माला आली आहे. १९७८ साली दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात, बोगोटा शहरातील एका मोठ्या प्रसूती रुग्णालयात एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत होती. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होत होता आणि कितीतरी बाळे दगावत होती. तिथले डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल अशी, उभी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारूची मादी पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवते, त्यावरून या पद्धतीला कांगारू मातृसेवा हे नाव पडले. पुढची अनेक वर्षे डॉक्टर मंडळी हिच्याकडे आपल्या दीरांसारखेच, म्हणजे पेटी नसेल तेव्हाची पर्यायी व्यवस्था म्हणून पाहत होती, आणि बाळ पेटीत चांगले स्थिरावल्यानंतरच, म्हणजे काही दिवसांनी, ते आईकडे दिले जात असे.

हा समज चुकीचा आहे, हे एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील पाच रुग्णालयांत १ किलो ते १.८ किलोच्या आत वजन असलेल्या ३,२११ बाळांचा अभ्यास केला. भारतातील रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. निम्म्या बाळांना नेहमीप्रमाणे आधी पेटीत किंवा वॉर्मरखाली, म्हणजे वरून ऊब देणाऱ्या यंत्राखाली, स्थिर करून मग आईकडे दिले. उरलेल्या निम्म्यांना जन्मानंतर लगेचच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या बाईच्या छातीशी ठेवले. पहिल्या गटातील बाळे त्या सुरुवातीच्या काळात दिवसाकाठी जेमतेम दीड तास छातीशी होती, दुसऱ्या गटातील सुमारे १७ तास. पहिल्या २८ दिवसांत पहिल्या गटातील १५.७ टक्के बाळे दगावली, दुसऱ्या गटातील १२ टक्के. हा फरक इतका स्पष्ट दिसू लागला की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला, कारण निम्म्या बाळांना आईपासून दूर ठेवत राहणे आता योग्य ठरले नसते. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही सर्व रुग्णालये पेट्या आणि यंत्रे असलेली होती, हे आपल्या दीरांना आवर्जून सांगा.

असे का घडते, याचे उत्तर गूढ नाही. बाळाला ऊब लागली की त्याच्या अंगातली साखर आणि प्राणवायू ऊब निर्माण करण्यात खर्च होत नाही, ते वाढीसाठी उरतात. आईच्या त्वचेवरचे साधे जंतू त्याच्या अंगावर आधी वस्तीला आले की रुग्णालयातल्या हट्टी जंतूंना जागा उरत नाही. आईला दूध लवकर आणि जास्त येते. चौथे कारण मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले. एका जिल्हा रुग्णालयात पहाटे तीनच्या सुमारास मी फेरी घेत होते. परिचारिका खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका बाळाची सलाईनची सुई बसवण्यात गुंतली होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक आई १,२०० ग्रॅमच्या मुलीला छातीशी घेऊन, डोळे मिटून रेलली होती. अचानक तिचे डोळे उघडले. तिने पदराखाली हात घालून दोन बोटांनी बाळाची पाठ खालून वर चोळली आणि त्यानंतर यंत्राची घंटा वाजू लागली. ती वाजेपर्यंत बाळाने श्वास घेतलाही होता. अपुऱ्या दिवसांची बाळे श्वास घ्यायला मधूनच विसरतात. त्या बाईला यंत्रावरचे आकडे वाचता येत नव्हते, पण छातीवरचे हलणे थांबले, हे तिला झोपेतही कळले होते.

आता बाळंतिणीच्या त्रासाविषयी. तिने ताठ बसायचे नाही. मागे उशा लावून किंवा टेकता येईल अशा खुर्चीत अर्धवट रेलून राहायचे. बाळाच्या अंगात फक्त टोपी, मोजे आणि लंगोट असावा. ते दोन स्तनांच्या मध्ये उभे, बेडकासारखे पाय दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर उचललेली असावे, म्हणजे नाक मोकळे राहते. वरून मऊ कापडाची झोळी घट्ट बांधली की तिला उठता येते, चालता येते, जेवता येते. एका वेळी निदान तासभर तरी बाळ हलवू नये आणि दिवसभरात मिळून ८ ते २४ तास, जितके जमतील तितके तास हे चालावे. ती आंघोळीला गेली किंवा थकली तर बाळाचा बाप अथवा आपण स्वतः, हातपाय धुऊन आणि स्वच्छ कपडे घालून, त्याला छातीशी घेऊ शकता. आपल्या पिढीतल्या किती आज्यांनी त्या खुर्चीत बसून नातवंडे वाढवली, हे मी पाहिलेले आहे.

श्वास चालू ठेवण्यासाठी कृत्रिम श्वासयंत्रावर असलेले किंवा रक्तदाब ढासळलेले बाळ याला अपवाद. तशा अवस्थेत पेटी किंवा वॉर्मर आवश्यकच असतो.

पैशांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी सांगते. १ जून २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. कोणी बाहेरून औषध आणायला सांगितले, तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.

प्रश्न : मी सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात अधिपरिचारिका आहे. रात्रपाळीत १४ बाळांमागे मी आणि एक सहायक एवढेच असतो. लेख लिहिणारे सांगतात की आयांना आत घ्या. आत घेतल्या तर गर्दी होते, चपला, पिशव्या, मोबाइल सगळे आत येते आणि संसर्ग वाढला की जाब मला द्यावा लागतो. आमची बाजू कोण मांडणार?
– एक परिचारिका, मराठवाडा

उत्तर : सिस्टर, आपली तक्रार खरी आहे आणि ती पहिल्यांदा मांडायला हवी. अशा कक्षात प्रत्येक पाळीला साधारण तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका असावी, असे सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. १४ बाळांमागे एक परिचारिका हा अन्याय आहे, बाळांवर आणि आपल्यावरही. आई आत आली म्हणून परिचारिकेचे पद रिकामे ठेवण्याची मुभा प्रशासनाला मिळत नाही. हे वाक्य मी शक्य तितक्या ठळक आवाजात लिहिते आहे.

संसर्गाविषयी मात्र माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बाळांचा जो अभ्यास झाला, त्यात जंतुदोष झालेल्या बाळांच्या रक्तात प्रामुख्याने असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे जंतू सापडले, आणि त्यांतील पुष्कळसे एकाहून अधिक प्रकारच्या प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. अशा निगरगट्ट जंतूंची वस्ती रुग्णालयातच असते. एका बाळाकडून दुसऱ्याकडे ते जातात ते घाईत न धुतलेल्या हातांनी, घशातला स्राव ओढून काढणाऱ्या एकाच सक्शन नळीने, दोन बाळांत वापरलेल्या एकाच स्टेथोस्कोपने. एका बाळाला एकच आई हात लावत असेल, तर हातांची ही अदलाबदल कमी होते. मघाशी सांगितलेल्या पाच देशांच्या अभ्यासात आया चोवीस तास आत असूनही जंतुदोषाचे प्रमाण वाढले नाही, उलट कमी झाले.

गर्दी आणि आईचे येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाराशी चपला, पिशव्या आणि दागिने काढून ठेवायला कप्पे, कोपराने उघडणारा नळ, साबण, भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचे चित्र, आणि आत एका बाळामागे एकच माणूस, एवढी शिस्त लागली की गर्दी होत नाही. पहिल्या दिवशी आईला शिकवायला अर्धा तास जातो, हे मान्य आहे. नंतर नळीतून दूध देणे, लंगोट बदलणे, तळवे गार लागले तर सांगणे ही कामे ती करते आणि आपले हात सुई, औषध व बिघडलेल्या बाळासाठी मोकळे राहतात. आपल्या राज्याला हे नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी, एवढेच नव्हे तर जंतुदोषावरचे इंजेक्शन देणेही शिकवले, आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे आणले. आज आशाताई तिसऱ्या दिवसापासून घरी येऊन बाळ तपासतात, त्याचे मूळ तिथे आहे. खेड्यातली थोडीफार शिकलेली बाई एवढे शिकू शकते, तर स्वतःच्या बाळापुरते शिकणे आईला जड नाही.

आणखी एक गोष्ट मनात घर करून आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला लागलेल्या आगीत १० बाळे गेली. विजेची तपासणी, धूर ओळखणारी यंत्रणा आणि मोकळे संकटद्वार यांना पर्याय नाहीच. पण जी बाळे स्वतः हलू शकत नाहीत, त्यांच्या उशाशी रात्रीही आपले माणूस असले पाहिजे, असे त्या दिवसापासून मला अधिकच वाटू लागले आहे.

प्रश्न : बाळ ३० आठवड्यांचे आहे, नळीने दूध देतात. मला दूध पिळून फक्त चमचाभर निघते. नातेवाईक पावडरचा डबा आणा म्हणतात.
– एक आई, धुळे

उत्तर : चमचाभर पुष्कळ आहे. सुरुवातीला एवढ्या बाळाला एका वेळी काही थेंब ते दोन-तीन मिलिलिटरच द्यायचे असते, आणि तो घट्ट पिवळसर चीक त्याला मिळणारे पहिले संरक्षण असतो. तो पिळून टाकून देऊ नये. दिवसातून आठ वेळा, रात्रीचीही एक वेळ न चुकवता, दूध काढत राहावे. बाळाला छातीशी घेतल्यानंतर लगेच काढले तर अधिक येते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर नळी आणि मग वाटी-चमचा ही पायरी असते. बाटली नको.

पावडरच्या दुधाने अशा बाळांचे आतडे सुजून कुजण्याचा धोका वाढतो, म्हणून आपले दूध खरोखरच पुरत नसेल तर दुसऱ्या मातेचे तपासलेले दूध हा पुढचा पर्याय आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दात्या मातेच्या रक्ताची तपासणी करतात आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून, गोठवून साठवतात. जवळची पेढी कोठे आहे, हे आपल्या कक्षातील डॉक्टरांना विचारावे. शेजारणीचे न तपासलेले दूध मात्र देऊ नये.

प्रश्न : सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही, असे आमच्याकडे म्हणतात. खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फुप्फुसांत, मेंदूत आणि आतड्यांत भर घालत असतो आणि आठव्या महिन्यातील बाळाची जगण्याची शक्यता सातव्यातल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त असते. या समजुतीपायी आठव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईला घरीच थांबवून ठेवल्याच्या घटना मला माहीत आहेत, म्हणून हा छोटा प्रश्न महत्त्वाचा. ३४ आठवड्यांपूर्वी कळा आल्या, तर वेळेत रुग्णालयात पोहोचलेल्या आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने दर १२ तासांनी अशी चार वेळा देता येतात. त्यांनी बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातील २०२० च्या अभ्यासात या औषधामुळे नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. गर्भाचे वय नीट ठाऊक असेल आणि बाळाची पुढची काळजी घेणारा कक्ष असेल, तिथेच हे औषध द्यायचे असते. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्यायची ती गर्भाचे वय नेमके कळावे म्हणूनही.

प्रश्न : मी मस्कतला नोकरी करतो. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी गावाकडच्या जिल्हा रुग्णालयाने फार मदत केली. कृतज्ञता म्हणून तिथे एक चांगले परदेशी बनावटीचे इन्क्युबेटर किंवा व्हेंटिलेटर द्यावे, अशी इच्छा आहे.
– एक वाचक, मूळ गाव बुलढाणा जिल्हा

उत्तर : आपली भावना मोलाची आहे, म्हणूनच ती अडगळीच्या खोलीत जाऊ नये असे वाटते. गरीब देशांतील रुग्णालयांच्या पाहण्यांत सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणे बंद अवस्थेत आढळली आहेत. यंत्र वाईट असते असे नाही. विजेचा दाब वरखाली होतो, धूळ जाते, एक छोटा संवेदक तुटतो, तो फक्त परदेशात मिळतो, आणि दुरुस्त करणारा अभियंता जिल्ह्यात नसतो. माझ्या पाहण्यात एका इन्क्युबेटरमध्ये कक्षाच्या नोंदवह्या व्यवस्थित रचून ठेवलेल्या होत्या; झाकणाची एक रबरी कडी न मिळाल्याने ते तीन वर्षे बंद होते.

याउलट मलावीचे उदाहरण पाहा. ज्या बाळांची फुप्फुसे कच्ची असल्याने मिटून जातात, त्यांना नाकातून सौम्य दाबाची हवा सतत दिली तर ती उघडी राहतात; नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवून हा दाब राखता येतो, म्हणून त्याला बबल सीपॅप म्हणतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाने अशा रुग्णालयांसाठी पुमानी नावाचे साधे, स्वस्त यंत्र मलावीतील डॉक्टरांबरोबर तयार केले. ब्लँटायर येथील क्वीन एलिझाबेथ रुग्णालयात श्वासाचा गंभीर त्रास असलेल्या बाळांपैकी नुसत्या प्राणवायूवर ४४ टक्के वाचली होती, या यंत्रावर ७१ टक्के. यंत्र सोपे होते आणि परिचारिकांना ते शिकवले गेले होते.

तेव्हा आधी त्या कक्षाच्या प्रमुखांना आणि जैववैद्यकीय अभियंत्याला विचारा की कोणते चालू यंत्र कशावाचून अडले आहे. पुष्कळदा ते प्राणवायूची पातळी मोजणाऱ्या यंत्राच्या, बाळाच्या तळपायाला लावायच्या पट्ट्या, किंवा तीन वर्षांचा दुरुस्ती करार, असे साधे उत्तर असते. माझे मत विचाराल, तर आयांसाठी मागे रेलता येणाऱ्या सहा मजबूत खुर्च्या, पडदे आणि त्यांच्यासाठी एक स्वच्छ न्हाणीघर द्या. त्यांना वीज लागत नाही आणि रोज वापर होतो.

प्रश्न : आमचा मुलगा ३२ आठवड्यांचा, १,५५० ग्रॅमचा जन्मला. घरी सोडताना कार्डावर ‘डोळे तपासणे’ असे लिहिले आहे. बाळ उजेडाकडे बघते, डोळे स्वच्छ दिसतात. बारसे आटोपून, सव्वा महिना झाल्यावर गेलो तर चालेल का?
– एक वडील, यवतमाळ

उत्तर : चालणार नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतील पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. जन्मानंतर, विशेषतः प्राणवायू गरजेपेक्षा जास्त मिळाला असेल तर, त्या वेड्यावाकड्या वाढू लागतात आणि पडदा ओढून सुटा करतात. बाहेरून डोळा शेवटपर्यंत सुंदर दिसतो, घरच्यांना काहीच कळत नाही. कळते तेव्हा उपचाराची वेळ गेलेली असते. विकसनशील देशांत लहान बाळे वाचू लागली, पण त्यांना दिलेला प्राणवायू मोजला गेला नाही आणि डोळे वेळेवर तपासले गेले नाहीत, त्यामुळे वाचलेल्या मुलांत हे अंधत्व वाढले. म्हणून मी या एका तपासणीसाठी पालकांच्या मागे लागते.

३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांच्या आतील किंवा १,२०० ग्रॅमपेक्षा लहान बाळांची दोन ते तीन आठवड्यांतच. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्यांचा डॉक्टर आतला पडदा पाहतो. सर्वच नेत्रतज्ज्ञ ही तपासणी करत नाहीत, म्हणून कोठे जायचे ते नवजात कक्षातूनच लिहून घ्यावे. एकदा पाहून भागत नाही. पडदा पूर्ण भरेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. लेझर करायचा ठरला तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो.

आपले पत्र हाती आले तेव्हा बाळ २३ दिवसांचे होते. अंक छापून येईपर्यंत महिना उलटला असता, म्हणून पत्रातील क्रमांकावर दूरध्वनी करून हे उत्तर आपल्याला त्याच संध्याकाळी कळवले आहे. ज्या वाचकांच्या घरी असे कार्ड असेल, त्यांनी त्यावरची जन्मतारीख आजच पाहावी.